गॅस पाइपलाइनमधले पाणी आणि काळी पावडर कशी ओळखायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रंक लाइन, कॉम्प्रेसर स्टेशन, मीटरिंग स्किड (गॅस मोजायचा संच) आणि शहराच्या सीजीएसवर, म्हणजे सिटी गेट स्टेशनवर, काम करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, तेवढेच इथे घेतले आहेत. वेगळे सांगितले नसेल तिथे आकडे ७० बारच्या लाइनसाठी आहेत.

गॅस कोरडा करूनच लाइनमध्ये सोडतात. मग पाणी येते कुठून?

बहुतेक वेळा वरच्या टोकाच्या डिहायड्रेशन युनिटमधून. टीईजी, म्हणजे ट्रायइथिलीन ग्लायकॉल, गॅसमधले पाणी शोषते. रिबॉयलरमध्ये तापवून ते पाणी उडवतात आणि ग्लायकॉल परत गॅस सुकवायच्या टॉवरवर पाठवतात. रिबॉयलर २०० अंशांच्या आसपास चालतो. २०४ अंशांच्या वर नेला तर टीईजीचे विघटन होऊ लागते. तापमान १८० वर उतरले तरी पंप चालूच राहतो आणि गॅसही जातच राहतो. फक्त ग्लायकॉलमध्ये पाणी उरते, आणि टॉवरमधून निघणाऱ्या गॅसचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्यातले पाणी दव होऊन धरू लागते तो, हळूहळू चढतो. टॉवरमध्ये फेस झाला तर खुद्द ग्लायकॉलच गॅसबरोबर पुढे उडते.

दुसरा मार्ग हायड्रोटेस्टचा, म्हणजे लाइन पाण्याने भरून केलेल्या दाबाच्या चाचणीचा. चाचणीचे पाणी पिगने (पाइपमधून सरकत जाणाऱ्या बोळ्याने) ढकलून काढले तरी पाइपच्या आतल्या भिंतीवर पातळ थर उरतो. तो ०.१ मिलिमीटर धरला तर २४ इंची लाइनमध्ये किलोमीटरमागे सुमारे १८५ लिटर पाणी होते. म्हणून फोम पिग आणि मायनस ४० अंश दवबिंदूची कोरडी हवा सोडून लाइन सुकवतात. बाहेर पडणाऱ्या हवेचा दवबिंदू मायनस २० च्या खाली येऊन तिथेच टिकतो का, हे पाहूनच लाइन ताब्यात घेतात. टिकतो का, हे महत्त्वाचे. हवा बंद करून काही तास लाइन तशीच ठेवा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर कुठेतरी डबके शिल्लक आहे.

दुरुस्तीसाठी कापलेला पाइप, खड्ड्यात उघडे राहिलेले तोंड आणि विहिरींकडून येणाऱ्या फीडर लाइनमधले उत्पादित पाणी हे उरलेले मार्ग.

गॅसचा स्रोत माहीत असला की निम्मा तपास तिथेच होतो. मुंबई हायचा गॅस समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर ग्लायकॉलने कोरडा होऊन उरणला येतो, त्यामुळे तिथे ग्लायकॉल सापडणे समजण्यासारखे आहे. दहेज किंवा दाभोळच्या टर्मिनलवर एलएनजीपासून (द्रवरूप नैसर्गिक वायूपासून) परत वायू केलेला गॅस मात्र मुळातच खडखडीत कोरडा असतो, कारण द्रवरूप करण्याआधी त्यातले पाणी १ पीपीएमच्या खाली आणावेच लागते. नाहीतर उपकरणात बर्फ धरतो. अशा लाइनमध्ये पाणी निघाले तर संशय बांधकामाच्या वेळच्या पाण्यावर, नाहीतर मध्येच मिसळणाऱ्या देशी गॅसवर.

किती पाणी चालते?

भारतात पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या ॲक्सेस कोडप्रमाणे पाण्याचा दवबिंदू कमाल ० अंश. अमेरिकेत दहा लाख घनफुटांमागे ७ पौंड ही मर्यादा सर्रास वापरतात, म्हणजे घनमीटरमागे सुमारे ११२ मिलिग्रॅम किंवा १४७ पीपीएम. कॅनडात ती ६५ मिलिग्रॅम आहे. युरोपात ७० बारला मायनस ८ अंश.

११२ मिलिग्रॅम ऐकायला किरकोळ वाटते. पण रोज १० लाख घनमीटर गॅस वाहणाऱ्या लाइनमधून तेवढ्या हिशेबाने रोज ११२ किलो पाणी वाफेच्या रूपात जाते. वाफ वाफच राहिली तर त्रास नाही. डिहायड्रेशन युनिट बंद पडून ४० अंशांचा पूर्ण ओला गॅस निघाला तर त्यात घनमीटरमागे १,००० मिलिग्रॅमच्या वर पाणी असते. तोच गॅस जमिनीखाली २५ अंशांवर आला की रोज अर्ध्या टनाच्या आसपास पाणी पाइपच्या तळाशी उतरते.

ॲनालायझर मायनस ३९ दाखवतो आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर शून्याच्या जवळचा आकडा आहे. खरे कोणाचे?

बहुधा दोघांचेही. दवबिंदू दाबाबरोबर बदलतो. १४७ पीपीएम पाणी असलेल्या गॅसचा दवबिंदू वातावरणाच्या दाबाला मायनस ३९ अंशांच्या आसपास येतो आणि ७० बारला ० अंशाच्या. पाणी तेवढेच, दाब वेगळा.

म्हणून लॉगशीटवर नुसते 'दवबिंदू मायनस १२' लिहिण्याला काही अर्थ नाही. कोणत्या दाबाला, तेही लिहा. शिवाय पीपीएमवरून दवबिंदू काढताना आदर्श वायूचे साधे सूत्र ७० बारला काही अंशांनी चुकते. आयएसओ १८४५३ या मानकातला संबंध वापरा, आणि ॲनालायझरच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणते सूत्र निवडलेले आहे ते एकदा उघडून बघा. देणारी आणि घेणारी कंपनी वेगवेगळी सूत्रे वापरत असल्यामुळे महिनोन्‌महिने पत्रव्यवहार चालतो, आणि दोन्हीकडची उपकरणे बिचारी बरोबर असतात.

ओलावा मोजायला कोणते उपकरण घ्यावे?

गॅसमध्ये पाण्याखेरीज आणखी काय आहे, त्यावर हे ठरते.

थंड आरसा: गॅस दाबाखाली आरशावर सोडतात आणि आरसा हळूहळू थंड करतात. दव धरले की तापमान वाचायचे. दवबिंदू थेट मोजणारी हीच पद्धत, बाकी सगळ्यांत गणित आहे. वाद मिटवायला हाच आरसा कामी येतो. पण हाताने वापरायच्या उपकरणाला सरावलेला डोळा लागतो.

ॲल्युमिनियम ऑक्साइड सेन्सर: स्वस्त आहे आणि लाइनच्या दाबालाच बसतो, म्हणून सगळीकडे दिसतो. ग्लायकॉलचा थर बसला की सुस्तावतो. ओल्याकडे पटकन जातो, कोरड्याकडे परतायला तास घेतो. वर्षातून एकदा कॅलिब्रेशन हवेच. ग्लायकॉल असेल तर त्याआधीच.

फॉस्फरस पेंटॉक्साइडचा सेल: पाणी शोषून त्याचे विद्युत-विघटन करतो आणि लागलेल्या प्रवाहावरून पाणी मोजतो. गॅसचा प्रवाह ठरलेलाच ठेवावा लागतो, कारण प्रवाह दहा टक्के चुकला तर आकडाही दहा टक्के चुकतो. मिथेनॉल आणि ग्लायकॉल यांनाही तो पाणीच समजतो.

क्वार्ट्झ क्रिस्टल: कोरडा संदर्भ गॅस आणि नमुना आलटून पालटून सोडून कंपनसंख्येतला फरक मोजतो. अचूक आहे, पण संदर्भ गॅसचा ड्रायर संपला की कोणालाही न कळता चुकतो.

लेझर ॲनालायझर, म्हणजे टीडीएलएएस: १.९ मायक्रोमीटरच्या आसपासच्या अवरक्त किरणांचे पाण्याकडून होणारे शोषण मोजतो. सेन्सरला गॅस शिवत नाही, आणि उत्तर सेकंदांत मिळते. ट्रंक लाइनच्या कस्टडी पॉइंटवर, म्हणजे गॅस एका कंपनीकडून दुसरीकडे जातो तिथे, पैसे असतील तर हाच घ्यावा. मात्र सेलमधल्या आरशावर ग्लायकॉलचा धूर किंवा पावडर बसली की सिग्नल घटतो. त्यामुळे पुढे मेम्ब्रेन फिल्टर लागतोच.

रंग बदलणारी काचेची नळी: हातपंपाने ठरलेला गॅस ओढायचा आणि रंग कुठवर चढला ते वाचायचे. चूक २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. तरीही 'ॲनालायझर बिघडलाय की गॅस खरंच ओला आहे' याचा निकाल दहा मिनिटांत लावते, म्हणून प्रत्येक स्टेशनच्या कपाटात एक डबा असावा. मुदत छापलेली असते, तीही बघावी.

आरशावर दव दिसले. ते पाण्याचेच कशावरून?

पाण्याचे दव आरशाच्या सर्वांत थंड जागी, म्हणजे मधोमध, लहान पांढुरक्या ठिपक्यासारखे उमटते. कडा स्पष्ट असते, आणि तापमान अर्धा अंश वर-खाली केले की ठिपका तिथल्या तिथे येतो-जातो. हायड्रोकार्बनचे दव चकचकीत असते. पेट्रोल सांडलेल्या रस्त्यावर पावसानंतर दिसतात तशी रंगीत कडी दिसतात आणि ती पसरत जातात. ग्लायकॉल धरले तर तेलकट थर राहतो आणि आरसा गरम केल्यावरही लवकर जात नाही.

पद्धत अशी: आधी झटपट थंड करून अंदाज घ्या. मग आरसा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, गॅस सोडून सुकवा, आणि अंदाजाच्या ५ अंश आधीपासून मिनिटाला अर्ध्या अंशाहून जास्त नाही अशा गतीने उतरा. दव येतानाचे आणि जातानाचे तापमान, दोन्ही लिहा. दोहोंत एक अंशाहून जास्त फरक पडला तर घाई झाली, पुन्हा करा. हायड्रोकार्बन आधीच धरत असेल तर त्याखाली पाण्याचा ठिपका लपतो. तिथे आरशाचा हट्ट सोडून लेझरकडे वळलेले बरे.

पावसाळा लागला की ओलाव्याचा आकडा चढतो. गॅस खरंच ओला होतो का?

क्वचितच. बहुतेक वेळा दोष सॅम्पल लाइनचा असतो. 'आत दाब आहे, बाहेरची हवा आत येईलच कशी' असे विचारणारे बरेच भेटतात. पाणी आत शिरते ते स्वतःच्या आंशिक दाबावर. जुलैत कोकणात ३० अंशांच्या हवेत बाष्पाचा आंशिक दाब ३४ मिलिबारच्या घरात असतो. वातावरणाच्या दाबावर आणलेल्या कोरड्या नमुन्यात तो जेमतेम ०.१५ मिलिबार. दोनशेपट फरक. नायलॉनच्या नळीतून, रबरी ओ-रिंगमधून, अर्धवट आवळलेल्या फेरूलमधून (नळीच्या जोडाच्या कड्यातून) बाष्प उलट दिशेने आत येत राहते.

सॅम्पलिंग नीट करायचे तर:

प्रोब पाइपच्या माथ्यावरून घाला, त्याचे टोक व्यासाच्या मधल्या तिसऱ्या भागात असू द्या. भिंतीलगतचा गॅस घेतला तर भिंतीवरून ओघळणारे द्रवही येते. बेंड, व्हॉल्व्ह आणि ऑरिफिसच्या (प्रवाह मोजायच्या भोकाच्या प्लेटच्या) लगेच पुढची जागा टाळा. नळी पाव इंची किंवा त्याहून बारीक, स्टेनलेस स्टीलची, आतून इलेक्ट्रोपॉलिश केलेली आणि शक्य तितकी आखूड. मध्ये टी, जास्तीचा गेज किंवा बंद फांदी नको. अशा प्रत्येक मृत कोपऱ्यात ओलावा बसतो आणि दिवसभर हळूहळू सुटत राहतो. दाब उतरवणारा रेग्युलेटर तापवलेला हवा, कारण नैसर्गिक वायू दर बारला अर्ध्या अंशाच्या आसपास थंड होतो. ७० वरून १ बारवर आणताना तीसेक अंश जातात. मग जड हायड्रोकार्बन आणि ग्लायकॉल रेग्युलेटरमध्येच धरतात, गॅस ओला असेल तर हायड्रेट (पाणी आणि गॅसचा बर्फासारखा घन पदार्थ) तयार होतो. पूर्ण नळीला हीट ट्रेसिंग लावा आणि ती ठरल्या तापमानालाच राहते का ते बघा. दिवस-रात्रीबरोबर आकडा खाली-वर होत असेल तर गॅसपेक्षा नळीच्या भिंतीचा संशय घ्या: दुपारी भिंत ओलावा सोडते, रात्री धरते.

तपासायची सोपी युक्ती म्हणजे बायपासचा प्रवाह दुप्पट करणे. आकडा खाली आला तर ओलावा नळीत शिरतो आहे. तसाच राहिला तर गॅसच ओला आहे.

आकडा महिनाभर एका जागी आहे. म्हणजे सगळे स्थिर ना?

नाही. खरा गॅस थोडा तरी हलतो. सरळ रेषा दिसली तर सॅम्पल व्हॉल्व्ह बंद, फिल्टर तुंबलेला किंवा सेन्सर मेलेला. प्रवाह आधी बघा.

ॲनालायझर मर्यादेत आहे, पण ड्रेन उघडला की पाणी येते. हे कसे?

ॲनालायझर पाइपच्या मध्यातली वाफ मोजतो, तळाने सरकणारे द्रव त्याला दिसतच नाही. पहाटे चार वाजता डिहायड्रेटर अर्धा तास हुकला तर तेवढ्यात उतरलेले पाणी पुढे आठवडाभर खोलगट जागी बसू शकते. मीटरसमोरचा गॅस तोवर कोरडा झालेला असतो. म्हणून सरासरीपेक्षा मर्यादा ओलांडलेल्या मिनिटांची नोंद ठेवा. दिवसाची सरासरी हा या कामातला सगळ्यात फसवा आकडा.

द्रव ओळखायला वेगळी साधने लागतात. सेपरेटरच्या तळाचा लेव्हल स्विच किती तासांनी भरतो, हे सर्वांत भरवशाचे. मल्टिपाथ अल्ट्रासॉनिक मीटर असेल तर त्याचे डायग्नॉस्टिक्स फुकटात मिळतात: खालच्या मार्गिकेचा गेन (सिग्नल किती वाढवावा लागतो ते) चढतो, सिग्नल तुटतो, त्या मार्गिकेवरचा ध्वनिवेग बाकीच्यांपासून फुटतो. एरवी मोजलेला आणि गॅसच्या घटकांवरून काढलेला ध्वनिवेग ०.२ टक्क्यांच्या आत जुळायला हवा. ऑरिफिस मीटरवर डीपीचा (दोन बाजूंच्या दाबातल्या फरकाचा) काटा विनाकारण थरथरतो, तेव्हा इम्पल्स लाइनमध्ये (दाब ट्रान्समीटरपर्यंत नेणाऱ्या बारीक नळ्यांत) पाणी उतरले आहे का ते बघा. ट्रान्समीटर टॅपिंगच्या वर बसवलेला असेल आणि नळ्यांना उतार असेल तर हा त्रास मुळात होत नाही.

ड्रेनमधून निघालेले द्रव पाणी, कंडेन्सेट की ग्लायकॉल?

काचेच्या मोजपात्रात घ्या आणि अर्धा तास हलवू नका. कंडेन्सेटची (गॅसमधून धरलेल्या द्रव हायड्रोकार्बनची) घनता ०.७ ते ०.७५, ते वर तरंगते आणि पेट्रोलसारखा वास येतो. कॉम्प्रेसरचे तेल ०.८७ च्या आसपास. पाणी आणि ग्लायकॉल एकमेकांत मिसळून तळाला राहतात. त्यांच्यातला फरक रिफ्रॅक्टोमीटरवर कळतो: पाण्याचा अपवर्तनांक १.३३३, टीईजीचा १.४५५, मधला आकडा आला तर मिश्रण.

पाणीच असेल तर क्लोराइड मोजा. गॅसमधून धरलेल्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे दहा-वीस मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी सापडते. विहिरीतून आलेल्या पाण्यात हजारांत. हायड्रोटेस्टचे पाणी ज्या नदीचे वा बोअरचे होते, त्याच्याशी जुळते. बांधकामाच्या वेळचा पाण्याचा चाचणी अहवाल फाइलमध्ये असतो, तो काढा. सोबत सामू, विरघळलेले लोह आणि सल्फेट कमी करणारे जिवाणू यांची तपासणी करून घ्या. सामू आणि जिवाणूंचे काम जागेवरच, बाटली उघडल्या उघडल्या. कार्बन डायऑक्साइड उडून गेला की सामू चढतो आणि पाणी खोटेच निरुपद्रवी दिसू लागते.

काळी पावडर म्हणजे नेमके काय?

बहुतांशी पाइपचेच लोखंड. हायड्रोजन सल्फाइड आणि पाणी मिळाले की आयर्न सल्फाइड. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याने आयर्न कार्बोनेट. ऑक्सिजन शिरला तर मॅग्नेटाइट आणि पिवळट तपकिरी गंज. त्यात नव्या पाइपचा मिल स्केल (कारखान्यातच धरलेली ऑक्साइडची खपली), वेल्डिंगचा स्लॅग, वाळू, मॉलिक्युलर सीव्हचा (गॅस सुकवणाऱ्या दाण्यांचा) भुगा आणि कॉम्प्रेसरचे तेल मिसळते. तेलाने त्याचा डांबरासारखा चिखल होतो.

मिल स्केल आणि स्लॅग लाइन नवी असताना येतात आणि पिगच्या काही फेऱ्यांत संपतात. सल्फाइड किंवा कार्बोनेट मात्र येतच राहिले तर लाइनमध्ये आज कुठेतरी पाणी आहे. पाण्याशिवाय या दोहोंपैकी काहीच बनत नाही. फिल्टर बदलणाऱ्या पथकाची वही आणि ओलाव्याचा आलेख बहुतेक ठिकाणी दोन वेगळ्या विभागांत पडून असतात. ते शेजारी शेजारी ठेवून बघा.

पावडरमध्ये काय आहे, हे जागेवर कळेल का?

अंदाज येतो. चुंबकाला जोरात चिकटली तर मॅग्नेटाइट किंवा मिल स्केल भरपूर. उघड्यावर, हवा वाहती असताना, चिमूटभर पावडरवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाका. सडक्या अंड्याचा वास येऊन वर धरलेला ओला लेड ॲसिटेट कागद काळपट झाला तर सल्फाइड. वास न येता बुडबुडे आले तर कार्बोनेट. ही चाचणी बंद खोलीत कधीही करू नका. निघणारा हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे, आणि जास्त प्रमाणात नाक त्याला बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजायचे नाही.

नेमके घटक एक्स-रे डिफ्रॅक्शनने कळतात. नुसते मूलद्रव्यांचे विश्लेषण मागवलेत तर 'लोह ६० टक्के' एवढेच कळेल, ते सल्फाइडचे की ऑक्साइडचे हे नाही.

फिल्टरचा डीपी किती झाला की कार्ट्रिज (आतली गाळणी) बदलायची?

उत्पादकाचा आकडा प्रमाण. साधारणपणे नव्या कार्ट्रिजवर ०.१ बारच्या आत असतो, ०.५ ला अलार्म ठेवतात आणि ०.७ ते १ बारच्या दरम्यान बदलतात.

आकडा वाचताना प्रवाह सोबत लिहा. रात्री मागणी निम्मी झाली की डीपी आपोआप उतरतो आणि फिल्टर 'सुधारल्या'सारखा वाटतो. चढत गेलेला डीपी एका दिवसात धाडकन खाली आला आणि प्रवाह तेवढाच असेल, तर कार्ट्रिज फाटली किंवा बसकट सोडून सरकली. तेव्हापासूनची सगळी पावडर मीटरवर आणि रेग्युलेटरवर गेलेली आहे. आणि डीपी कधी चढतच नसेल तर एकदा उघडून बघा. कार्ट्रिज बसवायचीच राहिलेली असू शकते.

चालू लाइनवर गॅसमधली पावडर मोजता येते का?

येते, पण पाण्याइतकी सोपी नाही. समगती नमुना ही मूळ पद्धत: प्रोबच्या तोंडाशी गॅसचा वेग लाइनमधल्या वेगाइतकाच ठेवायचा, लाइनच्याच दाबाला फिल्टर कागदावर पावडर धरायची आणि वजन करायचे. प्रोबमधला वेग कमी ठेवला तर जड कण जडत्वाने आत घुसतात आणि आकडा फुगतो. जास्त ठेवला तर उलट. कागद आधी आणि नंतर दोन्ही वेळा सुकवून तोला, नाहीतर कंडेन्सेटचेच वजन होते.

लेझर प्रकाश विखुरण्यावर चालणारे कणमापक सतत आकडा देतात, कणांचे आकारही सांगतात. पण द्रवाचा थेंबही त्यांना कणच वाटतो. बेंडच्या पुढे दोन व्यासांवर पाइपला बाहेरून बांधायचे ध्वनिसंवेदक वाळू चांगली ऐकतात. काही मायक्रॉनची काळी पावडर भिंतीवर एवढ्या जोराने आदळतच नाही, त्यामुळे तिथे त्यांची शांतता पुरावा धरू नका.

पावडर सारखी वाहत नाही, हेही लक्षात घ्या. प्रवाह वाढला, उलट दिशेने गॅस घेतला किंवा पिग सोडला की ढगच्या ढग येतात. शांत दिवशी घेतलेला एक नमुना फार तर त्या दिवसाबद्दल सांगतो.

फिल्टर उघडल्यावर धूर निघाला. का?

आयर्न सल्फाइड हवेत आपोआप तापते आणि पेट घेते. लाइनमध्ये ऑक्सिजन नसतो म्हणून ते निवांत असते. क्रम असा ठेवा:

१. दोन्ही बाजूंनी व्हॉल्व्ह बंद, मधला ब्लीड उघडा, दाब शून्य असल्याची खात्री गेजवर आणि व्हेंटवर दोन्हीकडे करा.
२. नायट्रोजनने पर्ज करा, ज्वलनशील वायू आणि हायड्रोजन सल्फाइड मोजा.
३. झाकण उघडण्याआधी पाणी आत सोडून पावडर भिजवा. होज हाताशी आणि चालू असू द्या.
४. कार्ट्रिज ओल्याच बाहेर काढा आणि पाणी भरलेल्या धातूच्या ड्रममध्ये बुडवा. प्लॅस्टिकची पिशवी नको.
५. भांडे बंद करण्याआधी बसकट आणि सील पुसा, आतले पाणी पूर्ण काढून सुकवा. नाहीतर तुम्हीच लाइनला पाणी पाजलेत.

काही क्षेत्रांच्या गॅसबरोबर रेडॉन येतो. त्याच्यापासून झालेले शिसे-२१० या धुळीत साचते, म्हणून जुन्या फिल्टरची धूळ किरणोत्सर्ग मोजणाऱ्या सर्व्हे मीटरने तपासतात. धुळीचा मास्क दरवेळी हवाच.

मीटरिंगमध्ये किती फरक पडतो?

ऑरिफिस प्लेटच्या समोरच्या तोंडावर चिखल बसला किंवा धार बोथट झाली तर मीटर कमी दाखवतो. अल्ट्रासॉनिक मीटरच्या आत थर बसला तर तो जास्त दाखवतो, कारण वाट अरुंद झालेली त्याला ठाऊक नसते. ३०० मिलिमीटरच्या मीटरमध्ये सगळीकडून १ मिलिमीटरचा थर म्हणजे क्षेत्रफळात १.३ टक्के घट. एका टोकाला ऑरिफिस आणि दुसऱ्या टोकाला अल्ट्रासॉनिक असेल तर हिशेबात न जुळणारा गॅस याच घाणीत शोधावा. गळती शोधण्याआधी.

पाणी नेमके कुठे साचते?

तळाच्या बिंदूवर, असे उत्तर सगळे देतात. ते अर्धेच बरोबर आहे. वाहता गॅस पाण्याला चढावर काही अंतर ओढत नेतो. ज्या ठिकाणी चढ गॅसच्या ओढीला भारी पडतो, तिथे पाणी थांबते आणि मागे घसरते. म्हणून नदी किंवा रस्ता ओलांडून वर येणाऱ्या चढाची सुरुवात तपासायची. कोरड्या गॅसच्या लाइनसाठी हा क्रांतिक कोन काढून खोदायच्या जागा ठरवण्याची पद्धत नेस या गंजविषयक संस्थेच्या एसपी०२०६ या मानकात दिली आहे. दाब, वेग आणि व्यास लागतो. वेग कोणता धरला, त्यावर जागा बदलते. लाइन अर्ध्या क्षमतेवर चालली त्या वर्षी पाणी वेगळ्याच जागी बसलेले असते. सह्याद्री चढून जाणाऱ्या दाभोळ–बेंगळुरूसारख्या लाइनवर असे चढ भरपूर आहेत; तिथला गॅस एलएनजीचा असल्याने हिशेब मुख्यतः सुरुवातीच्या चाचणीच्या पाण्यापुरता उरतो.

किंमत काय मोजावी लागते, त्याची दोन उदाहरणे. १९ ऑगस्ट २००० रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबॅडजवळ ३० इंची लाइन आतून गंजून फुटली, नदीकाठी तळ ठोकलेली १२ माणसे गेली. फुटलेल्या जागी भिंत ७२ टक्क्यांपर्यंत खाल्लेली होती. वरच्या अंगाला पाणी धरायचा ड्रिप होता, पण तो अर्धवट तुंबलेला सापडला. त्याने अडवायचे ते द्रव पुढे सरकले असण्याची शक्यता तपासात नोंदवली गेली. दुसरे उदाहरण आपल्याकडचे. २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशात पूर्व गोदावरीतल्या नगरम गावात १८ इंची लाइन फुटली आणि २० हून जास्त लोक दगावले. कोरड्या गॅससाठी असलेल्या त्या लाइनमधून ओला गॅस जात होता.

ॲक्सेस कोडमध्ये कार्बन डायऑक्साइड ६ टक्क्यांपर्यंत चालतो. ७० बारला त्याचा आंशिक दाब ४.२ बार होतो. पाणी असेल तर २ बारच्या वर गंज धरणार असे समजूनच चालतात. गॅस मर्यादेत आहे म्हणून लाइन सुरक्षित, हे तो कोरडा आहे तोवरच खरे.

रेग्युलेटर अडकला. हायड्रेट की पावडर?

कोमट पाणी ओता किंवा हीटर चालू करा. सुटला तर हायड्रेट. न सुटता सीटवरून गॅस झिरपत राहिला, खालचा दाब चढून स्लॅम-शट (दाब चढला की लाइन बंद करणारा व्हॉल्व्ह) पडत असेल तर पावडर. बर्नर किंवा ज्योत लावून गरम करायचे नाही, आणि दोन्ही बाजूंना दाबाचा फरक असताना हायड्रेटची गुठळी सोडवायची नाही. ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते.

शहरातल्या पिवळ्या प्लॅस्टिक लाइनमध्ये जमिनीतले पाणी शिरते का?

४ बारच्या लाइनमध्ये नाही. त्या दाबाला बाहेरून ढकलायला ४० मीटर उंच पाण्याचा स्तंभ लागेल. घरापर्यंतच्या २१ मिलिबारच्या भागाला मात्र २१ सेंटिमीटर पुरतात, पण तो भाग सहसा जमिनीवरच असतो. दुरुस्तीसाठी दाब काढलेली लाइन भरपावसात उघडी राहिली तर काय होते ते सांगायला नको. या लाइनमध्ये मुख्य घन कचरा म्हणजे टॅपिंगच्या (फांदी जोडायला लाइनला भोक पाडण्याच्या) वेळचे प्लॅस्टिकचे तुकडे आणि माती.

प्रयोगशाळेत पावडर कशी पाठवावी?

पिग रिसीव्हरमधून, फिल्टरच्या तळातून आणि ड्रिपमधून वेगवेगळी घ्या, एकत्र करू नका. प्रत्येकी ५० ग्रॅम पुरे. रुंद तोंडाची काचेची बाटली, वर नायट्रोजन, घट्ट झाकण आणि कडेला टेप. हवा लागली की सल्फाइडचे काही तासांतच ऑक्साइड आणि गंधक होऊ लागते. मग प्रयोगशाळा प्रामाणिकपणे 'ऑक्साइड' लिहून पाठवते आणि तपास ऑक्सिजनच्या मागे भलतीकडे जातो. चिठ्ठीवर साखळी क्रमांक (लाइनच्या सुरुवातीपासूनचे अंतर), दाब, गॅसचे तापमान, शेवटचा पिग कधी सोडला आणि बाटली भरण्याआधी पावडर किती मिनिटे उघडी होती, हे लिहा. पिगबरोबर आलेला एकूण कचरा तोलून तोही आकडा द्या, ओला की सुका ते नमूद करून.